नॅशनल अर्काइव्हज, वॉशिंग्टन: रेकॉर्ड रूममधल्या माणसाने मारलेली फेरी

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईल.

मी कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षात १९ वर्षं काढली. नकला देणं, गठ्ठे लावणं, वाळवीशी भांडणं आणि साहेबलोकांनी नेलेल्या फायली परत आणणं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. त्यामुळे मुलीकडे मेरीलँडला आलो आणि जावयांनी विचारलं, "बाबा, व्हाइट हाउस बघायचं की कॅपिटल?", तेव्हा मी म्हटलं, ज्या खात्याने माजी राष्ट्राध्यक्षाकडे कागद परत मागितले, ते खातं दाखवा. म्हणजे नॅशनल अर्काइव्हज, अमेरिकन सरकारचा अभिलेख कक्ष.

मेट्रोचं स्टेशन अगदी समोर आहे. प्रवेश फुकट. वेळ आधी राखून ठेवायची तर माणशी एक डॉलर पडतो. तो जरूर खर्च करा, बाहेरची रांग उन्हात उभी असते. दारात विमानतळासारखी झडती. मुख्य दालनात फोटोला सक्त मनाई, आणि रखवालदार ती मनाई मनापासून राबवतात.

मुख्य दालनात इतका अंधार की माझा चष्मा दोनदा पुसून झाला. दोष चष्म्याचा नव्हता, शाईचा होता. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जवळजवळ कोरा झाला आहे. एकोणिसाव्या शतकात तो पेटंट ऑफिसात खिडकीसमोर पस्तीसेक वर्षं टांगून ठेवला होता म्हणे. आमच्या फेरफार नोंदवहीची शाई याहून बरी टिकली आहे, असं मी जरा मोठ्याने म्हणालो तर मुलीने कोपर मारलं. आता तो आरगॉन वायू भरलेल्या पेटीत आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी तळहाताचा ठसा. कुणाचा, कधीचा, नोंद नाही. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो. पाठीमागच्या बाजूला, आपल्याला दिसत नाही तिकडे, नाव आणि तारीख लिहिलेली आहे, कारण पूर्वी तो गुंडाळी करून ठेवत आणि न उलगडता ओळखू यायला हवा! हे लिहिणारा माणूस आमच्यापैकीच.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल. ज्या भांडणामुळे या खात्याचं नाव घराघरात गेलं, त्याचा मला आत मागमूस दिसला नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या वॉटरगेट भानगडीनंतर १९७८ मध्ये कायदा झाला की राष्ट्राध्यक्षाचे कारभाराचे कागद सरकारच्या मालकीचे. त्याआधी ते साहेबांचे खासगी समजत. जानेवारी २०२२ मध्ये ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या मार-अ-लागोहून १५ खोकी परत आली. उघडली तर त्यात गोपनीयतेचे शिक्के असलेले १९७ कागद. जूनमध्ये समन्सनंतर आणखी ३८. ऑगस्टमध्ये एफबीआयने झडती घेतली तर अजून शंभरावर. पुढच्या वर्षीच्या आरोपपत्रात बाथरूममध्ये रचलेल्या खोक्यांचा फोटो आहे. वर झुंबर, शेजारी शॉवरचा पडदा. ट्रम्प यांनी आरोप नाकारले. जुलै २०२४ मध्ये न्यायाधीश कॅनन यांनी सरकारी वकिलाची नेमणूकच घटनाबाह्य ठरवून खटला काढून टाकला, नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले आणि त्यांच्याविरुद्धचं अपीलही संपलं. कागदांवर निकाल काही लागला नाही.

संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी हा विषय अंगणातच काढला. ते नौदलातून निवृत्त, ट्रम्प यांचे पक्के. म्हणाले, बायडन यांच्या गॅरेजमध्ये कॉर्व्हेट गाडीशेजारी कागद निघाले, त्याचं काय? मुलगी म्हणाली, त्यांच्या वकिलांनी आपणहून कळवलं. ट्रम्प यांचे उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांच्याकडेही सापडले, त्यांनीही कळवलं. आजोबा म्हणाले, म्हणजे म्हातारा विसराळू म्हणून सुटला. (बायडन यांच्या चौकशीला नेमलेल्या विशेष वकिलांच्या अहवालात खरोखरच तसं काहीसं आहे.) जावई गप्प, मांस भाजत होते.

मला विचारलं तेव्हा मी माझ्या दोन साहेबांची गोष्ट सांगितली. दोघांनीही फाइल घरी नेली. एकाला निवृत्तीनंतर कपाट आवरताना सापडली, तो रिक्षा करून स्वतः आला आणि मला पावती मागितली. दुसऱ्याला मी तीन स्मरणपत्रं दिली. दोनदा उत्तर आलं, "सर्व कागद यापूर्वीच परत केले आहेत." तिसऱ्यानंतर फाइल वर्तमानपत्रात गुंडाळून आली, मधली दोन पानं गायब. फाइल घरी नेण्याचा दोष दोघांचाही, पण माझ्या नोंदवहीत हे दोन साहेब एका ओळीत बसत नाहीत. नुसता विचार करूनही कागद गोपनीयतेतून मुक्त करता येतो, असं ट्रम्प एका मुलाखतीत म्हणाले होते. साहेबांनी मनातल्या मनात मारलेला शेरा आजवर कुठल्याच टिपणीवर उमटलेला मी पाहिला नाही.

आजोबांना ते पटलं नाही. कांदा मात्र आग्रहाने वाढला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये या खात्याच्या प्रमुख बाईंना नारळ मिळाला. त्या तर मे २०२३ मध्ये आलेल्या, झडतीनंतर नऊ महिन्यांनी. आमच्याकडे निदान बदली तरी करतात. त्याच महिन्यात ती खोकी ट्रम्प यांना परतही मिळाली. पुढे आपल्या ग्रंथालयात ठेवू म्हणाले. यातल्या एका खोक्याची आवक-जावक नोंद, एक स्मरणपत्राची स्थळप्रत, एवढं काचेखाली ठेवलं असतं तरी मी पाचवा तारा दिला असता.

लहान मुलांना न्या, पण आधी खाऊ घालून. म्हाताऱ्यांनी लिफ्ट विचारावी, पायऱ्या पुष्कळ आहेत. निघताना दुकानात डोकवा. तिथे एक पेपरवेट होता, आत सरकारी गठ्ठ्यांची जुनी लाल फीत कोंडलेली. त्याच फितीच्या गाठी मी दातांनी सोडत आलो. किंमत बघितली, आणि जिथून उचलला होता त्याच कप्प्यात, लेबल पुढे करून ठेवला.