५० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड: चिपाडाच्या लगद्यावर वापरून पाहिल्यावर

दौलताबादच्या वाटेवर आमचा हातकागदाचा छोटा कारखाना आहे. शेजारच्या कागझीपुऱ्याची परंपरा चिंध्यांच्या कागदाची आहे. आम्ही त्यात उसाच्या चिपाडाचा लगदा मिसळतो, आणि चिपाड म्हटले की लिग्निन, म्हणजे वनस्पतीचे तंतू घट्ट धरून ठेवणारा तपकिरी घटक, आलेच. कॉस्टिक सोड्यात शिजवल्यावर बरेचसे लिग्निन काळ्या पाण्यात उतरते, पण उरलेल्या अंशामुळे लगदा गुळाच्या रंगाचा राहतो. आजवर आम्ही ब्लिचिंग पावडर वापरत होतो. मात्र तिच्यातील क्लोरीन लिग्निनशी संयोग पावून सांडपाण्यात सहजी न कुजणारी संयुगे सोडतो, म्हणून यंदा वाळूजच्या एका विक्रेत्याकडून पेरॉक्साइडचे सहा कॅन मागवले.

पहिला घाणा फुकट गेला. टाकी नुसती फसफसली, तासाभरात फेस बसला आणि रंग होता तसाच राहिला. दोष मालाचा नव्हता, आमच्या बोअरच्या पाण्याचा होता: त्यातील लोह आणि मँगनीज पेरॉक्साइडचे विघटन करतात आणि लगद्याला काही लागतच नाही. पुढच्या वेळी लगदा आधी ईडीटीएच्या (असे धातू बांधून घेणाऱ्या रसायनाच्या) पाण्यात मुरवून धुतला, सोडियम सिलिकेट व कॉस्टिक घालून सामू १०.५ च्या आसपास आणला, कोरड्या लगद्याच्या वजनाच्या २ टक्के पेरॉक्साइड सोडले आणि ७० अंश सेल्सिअसवर दोन तास ठेवले. शेवटी गाळलेल्या पाण्यात आम्ल घालून परमँगनेटचा थेंब टाकला. गुलाबी रंग क्षणात उडाला, म्हणजे पेरॉक्साइड अजून शिल्लक होते. ते पुरते संपले तर अल्कलीमुळे लगदा पुन्हा पिवळा पडतो.

या वेळी लगदा सायीच्या रंगाचा झाला. छपाईच्या कागदाची शुभ्रता यातून मिळणार नाही, कारण अशा वापरात पेरॉक्साइड मुख्यतः लिग्निनचा रंग घालवते, लिग्निन फारसे काढत नाही. आमच्या पत्रिकांना मात्र हीच छटा शोभते.

तक्रार कॅनबद्दल आहे. एका कॅनला वायू बाहेर सोडणारे झाकणच नव्हते आणि मे महिन्याच्या उन्हात तो फुगून तळाशी गोल झाला होता. हातमोजे घालून, चेहरा लांब ठेवून झाकण सैल करावे लागले. त्यातील द्रव तपासला तेव्हा तीव्रता ५० ऐवजी ४३ टक्के भरली. विक्रेत्याने तो कॅन विनातक्रार बदलून दिला, हे नमूद करायला हवे. पुढचा माल त्याच्याकडूनच घेईन, पण भरल्याची तारीख नसलेला कॅन गाडीतून उतरू देणार नाही.