ब्रेब गावातल्या तीन रात्री, आणि मधला श्रावणी सोमवार

रोमानियाहून इंदूरला परतल्यावर भिशीत सगळ्यांचा एकच प्रश्न : "अगं, पण तिथे खाल्लंस काय?" म्हणून तिथूनच सुरू करते.

भाची रोमानियात, क्लुजला मेडिकल करतेय. ऑगस्ट 2025मध्ये तिला भेटायला गेलो आणि तिच्याबरोबर मारामुरेश भागातल्या ब्रेब या डोंगरातल्या गावी एका ‘पेन्सियुने’त, म्हणजे घरगुती होमस्टेत, राहिलो. (1 जानेवारी 2025पासून रोमानिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसाच चालला, रोमानियाचा वेगळा काढावा लागला नाही.) इथल्या एजंटाने घाबरवून सोडलं होतं, "तिकडे मांसाशिवाय काही मिळत नाही." त्याच्या भरवशावर दोन किलो खाकरे वाहून नेले.

भाचीने घरमालकीण मावशींना दोनच शब्द सांगितले, "दे पोस्त." म्हणजे उपासाचं. 15 ऑगस्टला त्यांच्याकडे मेरीमातेचा सण, त्याआधीचे चौदा दिवस उपास. मांस, अंडी, दूध, लोणी, चीज सगळं बंद. म्हणजे घरात आमच्यापेक्षा कडक सोवळं आधीच सुरू होतं! पहिल्या रात्री कोबीच्या पानात भात आणि मशरूम गुंडाळलेले ‘सर्माले’ आणि भाजलेलं वांगं-लाल मिरचीची ‘झकुस्का’. झकुस्का म्हणजे आपल्या भरताची चुलत बहीणच, फक्त फोडणी विसरलेली.

सोमवारी खरी गंमत झाली. मावशींनी ममलिगा केला. मक्याच्या पिठाचा वाफाळता पिवळा गोळा लाकडी पाटावर उपडा केला, दोन हातांत दोरा ताणून धरला आणि त्याच्या वड्या पाडल्या. सुरी नाहीच. आणि मी म्हटलं, मका मला चालत नाही, आज उपास आहे. भाचीने सांगितल्यावर मावशी बघतच राहिल्या. मग मी म्हटलं, थोडं दूध मिळेल का? आता तर त्यांनी हातच जोडले. उपासाला दूध? शेवटी दोघींच्या देवांना चालेल असं एकच सापडलं : उकडलेले बटाटे आणि मीठ. मंगळवारी मात्र ममलिगा पोटभर खाल्ला. तिखटमिठाचं काही नाही, इंदूरच्या सराफा बाजारातल्या भुट्ट्याच्या किसाची चव डोक्यात असेल तर पहिले दोन घास निराशा होते. झकुस्काबरोबर खा.

आता तक्रारी. फोटोत तळमजल्यावरची खोली होती, मिळाली माळ्यावरची. शिडीसारखा जिना, माझ्या गुडघ्यांनी तिन्ही दिवस निषेध नोंदवला. बाथरूम अंगणापलीकडे. पहाटे पाचला गाईंच्या घंटा. आणि आल्या आल्या प्लमची घरची दारू, ‘होरिंका’, पुढे करतात. नको म्हणताना मला संकोच झाला, यांना अजिबात झाला नाही, यांनी घेतली आणि मग अर्धा तास कुणाशी बोलले नाहीत.

पण गाव! दिवसभर गवताची कापणी. विळ्याच्या मोठ्या भावासारखं लांब दांड्याचं पातं फिरवत माणसं चालत होती, मागे बायका दाताळ्यांनी गवत उलटवत होत्या. खांबाभोवती रचलेल्या गंजी उतारभर उभ्या. घरांच्या लाकडी दरवाज्यांवर पिळाची दोरी आणि सूर्य कोरलेले. जवळच्या सर्बी गावात ओढ्यावरची ‘धुलाई’ पाहिली : वरून पन्हळीतलं पाणी फळ्यांच्या गोल टाकीत जोरात पडतं आणि त्या भोवऱ्यात लोकरीच्या जाड घोंगड्या आपोआप गरगरत धुतल्या जातात. वीज नाही, मोटर नाही. मी तिथे पाऊण तास उभी होते, हे कंटाळून गाडीत जाऊन बसले.

सपंत्सा गावची निळ्या क्रुसांची ‘आनंदी स्मशानभूमी’ही केली. स्तान योआन पत्राश या कारागिराने 1935मध्ये सुरू केलेली, प्रत्येक क्रुसावर मेलेल्याचं चित्र आणि त्याच्याच तोंडच्या ओळी. बघावी, पण बसेस फार. अर्धा तास पुरे. लाकडी चर्च मात्र सोडू नका. या भागातली आठ 1999पासून जागतिक वारशात आहेत.

होमस्टेला पाचपैकी चार तारे. एक जिन्यासाठी कापला.

निघताना मावशींना लवंग शेवेचं पाकीट दिलं. त्यांनी आधी विचारलं, "दे पोस्त?" भाचीने वाचून दाखवलं : बेसन, तेल, लवंग, मीठ. चालतंय म्हणाल्या, आणि तिथेच फोडलं. माझ्या सोमवारी मला ती शेव चालली नसती.