बोया आणि स्पूल: फी फीच्या कातळांशी एक मोसम

नोव्हेंबर ते एप्रिल, थायलंडची फी फी बेटं. बहुतेक डाईव्ह तिथल्या बीदा नोक आणि बीदा नाई या छोट्या बेटांच्या. 1.2 मीटर लांबीचा नारिंगी बोया, म्हणजे डायव्हर ज्याला एसएमबी (सरफेस मार्कर बोया) म्हणतात तो, पाण्याखाली हवा भरून वर सोडायचा, म्हणजे बोटीला आपली जागा दिसते; आणि त्याला जोडलेलं 30 मीटर दोरीचं फिंगर स्पूल, म्हणजे बोटांत धरायची रीळ. एवढ्या वापरानंतर जोडी चांगलीच म्हणेन, पण दोन तक्रारी आहेत.

आधी जागेचं. चुनखडीचं बेट पाण्याच्या रेषेला आतून झिजलेलं असतं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कातळ खाल्ला जातो आणि वर छज्जा उरतो. भिंतीला लागून बोया सोडला की तो नेमका त्या छज्ज्याखाली जाऊन बसतो. बोटवाल्याला दिसत नाही, वर दोरी कालवांच्या धारेवर घासत राहते. असं एकदाच झालं तरी वरची दीड-दोन मीटर दोरी कापून टाकावी लागते. त्यामुळे 8-10 मीटर खोलीवर यायचं, भिंतीपासून निदान 10-15 मीटर बाहेर सरकायचं, डोक्यावर काही नाही ना ते पाहायचं आणि मगच सोडायचा. उधाणाच्या दिवसांत ओढ बाहेर नेते, तेव्हा हे आणखी लवकर करावं. लाँगटेल बोटींचा पंखा लांब दांड्यावर, पृष्ठभागालगत फिरतो, म्हणून बोया वर दिसल्याशिवाय डोकं वर काढायचं नाही.

हवेचा हिशोब सोपा. या बोयात साधारण 8 लिटर हवा मावते. 10 मीटरवर दाब 2 बार, म्हणजे तिथे भरलेली 4 लिटर वर जाऊन 8 होते. एक भरपूर श्वास पुरतो. तोंडाने फुंकल्यावर तरंगण्यात फरकही पडत नाही, छातीतली हवाच बोयात जाते. रेग्युलेटरने, म्हणजे टाकीतली हवा देणाऱ्या तोंडातल्या यंत्राने, भरायला गेलं की जास्त भरते आणि बोया माणसाला ओढतो. स्पूल बोटांत सैल धरायचं. अडकलं तर सोडून द्यायचं, मनगटाला कधीच बांधायचं नाही. वर गेल्यावर दोरी ताणून धरली तरच बोया उभा राहतो; ढिली सोडली की लाटेवर आडवा पडतो आणि दूरून दिसत नाही. मग वर येण्याआधी 5 मीटरवर 3 मिनिटांचा सुरक्षा थांबा.

आता तक्रारी. स्टीलच्या बोल्ट स्नॅपची, म्हणजे स्पूल अडकवायच्या हुकाची, स्प्रिंग महिन्याभरात मिठाने अडकू लागली. रोज गोड्या पाण्यात बुडवून दहा-वीस वेळा दाबली तर चालते. दुसरी तक्रार दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची. वाळूचा कण अडकला की तो पूर्ण मिटत नाही, हवा झिरपत राहते आणि थांबा संपेपर्यंत बोया मलूल होतो. व्हॉल्व्ह नळाखाली उलटा धरून धुवावा.

दोरी मात्र स्पूलवर तशीच भिजवू नका. पूर्ण सोडून धुवा, सावलीत वाळवा, मग गुंडाळा. आतल्या थरांत मीठ राहिलं तर ते धाग्यांवर घासतं, आणि वासाचं तर विचारूच नका.