होम्स, हॅरी की स्कडर: व्यसनी डिटेक्टिव्ह वाचायचाच तर कोणता?

भाचीला वाशीला नोकरी लागली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने जाता-येता तासभर हातात असतो, म्हणून तिने विचारलं, "मामा, ते दारुडे डिटेक्टिव्ह असतात ना, त्यातला कोणता घेऊ?" कोकेन टोचून घेणारा शेरलॉक होम्स, ऑस्लोचा हॅरी हुले (स्पेलिंग बघून 'होल' म्हणू नका) आणि न्यूयॉर्कचा मॅथ्यू स्कडर, असे तिघे मी तिच्यापुढे ठेवले. तिघंही मला आवडतात. सारखेच आवडतात असं मात्र म्हणवत नाही.

होम्सचं लवकर आटपतो. 1890च्या 'द साइन ऑफ द फोर'ची सुरुवातच सिरिंजने होते. सात टक्क्यांचं द्रावण, दिवसातून तीनदा, कारण हाताशी केस नाही आणि डोक्याला स्वस्थता नाही. तेव्हा इंग्लंडात कोकेन विकत घेणं गुन्हा नव्हता, त्यामुळे लपवाछपवी नाही. पुढे 1904च्या एका कथेत त्याचा मित्र वॉटसन सांगून टाकतो की हळूहळू आपण त्याची सवय मोडली. ती मोडताना बेकर स्ट्रीटच्या घरात काय रामायण झालं असेल, त्यावर चकार शब्द नाही. व्हायोलिन, पाइप, तसंच हे. कथा म्हणून अव्वल. भालबा केळकरांच्या मराठीतही आहेत, आणि एक कथा जाताना अर्धी, येताना अर्धी अशी बसते. (ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चं, आणि लेखक डॉयलने होम्सला धबधब्यापाशी संपवलं तेही 1893. संबंध काही नाही, मला आपली गंमत वाटते.)

खरी चुरस उरलेल्या दोघांत.

यू नेस्बोचा हॅरी 1997 पासून चालू आहे. जिम बीम हा त्याचा व्हिस्कीचा ब्रँड. मालिका अशी पळते की माझं एकदा वाशी चुकून सानपाडा आलं. वेगच हवा असेल तर डोळे मिटून हॅरी घ्या, मी वाईट वाटून घेणार नाही. पण तीन-चार पुस्तकांनंतर मला एक गोष्ट टोचायला लागली, ती म्हणजे सकाळ. रात्री गडी पार आडवा झालेला असतो, आणि सकाळी चेहऱ्यावर पाणी मारून तपासाला हजर. वर, सगळ्यांच्या नजरेतून सुटलेला धागा त्यालाच दिसतो.

आमच्या कळव्याच्या घरी अण्णाकाका राहायचे. त्यांची सकाळ मी दहा वर्षं बघितली आहे. चहाचा कप दोन हातांनी धरायचा, तरी बशीत सांडायचा. काल पगाराचं पाकीट कुठे ठेवलं ते आठवायचं नाही, आणि ते शोधण्यात काकूचा अर्धा दिवस जायचा. धागाबिगा काही सापडायचा नाही हो. म्हणून हॅरी सकाळी ताजातवाना उभा राहिला की माझं पुस्तकातून लक्षच उडतं. हा दोष कदाचित माझा असेल. शिवाय न्यायाने सांगायचं तर 2019च्या 'नाइफ'मध्ये तो रक्ताळलेल्या कपड्यांत जागा होतो, रात्रीचं काहीच आठवत नाही, आणि तिथे ती सकाळ त्याला भलतीच महागात पडते. पण तिथवर पोचायला आधीची अकरा पुस्तकं आहेत.

लॉरेन्स ब्लॉकचा स्कडर मला स्टेशनबाहेर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाला, कव्हर फाटलेला. हा माजी पोलीस. त्याच्या बंदुकीतून सुटलेली गोळी उसळून एका लहान मुलीला लागली. त्यानंतर नोकरी सुटली, घर सुटलं. हॉटेलच्या खोलीत राहतो, कॉफीत बर्बन घालून पितो, आणि मिळालेल्या फीचा दहावा हिस्सा वाटेत दिसेल त्या चर्चच्या पेटीत टाकतो. पहिलं पुस्तक 1976चं. केस तशी संथच चालते, उगाच आशा लावत नाही. माणसांशी बोलत, ब्लॉकमागून ब्लॉक चालत हा फिरत असतो.

पण 1982च्या 'एट मिलियन वेज टू डाय'मध्ये सकाळ येते. पिताना शुद्ध हरपते आणि जाग येते ती हॉस्पिटलात. मग तो एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगांना जायला लागतो. मागच्या खुर्चीत बसतो, आपली पाळी आली की नाव सांगतो, आज फक्त ऐकेन म्हणतो आणि गप्प होतो. खुनाचा तपास बाजूने चालूच, पण आपण पानं उलटतो ती आज हा प्याला का एवढ्यासाठी. दिवस मोजणं, एखादी स्लिप, परत एकपासून मोजणं. पुढच्या पुस्तकांतही तो सोबर राहतो, आणि तरी मालिका मिळमिळीत होत नाही. हे लेखकाला कसं जमलं, मला अजून उमगलेलं नाही.

भाचीला म्हटलं, क्रम मोडून या पाचव्या पुस्तकापासूनच सुरू कर. नाही रुचलं तर हॅरी आहेच. तिने मीटिंगचा प्रसंग वाचून फोन केला. "मामा, हा बोलतच नाही गं बाई काही!" मी म्हटलं, अण्णाकाकांना मी मीटिंगला सोडायला जायचो. पहिले तीन महिने तेही नाव सांगून खाली बसायचे.