कॅम नदीवरची पंट-सफर: केंब्रिज पाठीमागून पाहताना

केंब्रिजला एका दिवसासाठी जाणाऱ्या पाहुण्याने पैसे कशावर खर्च करावेत असे मला कोणी विचारले, तर मी दोनच गोष्टी सांगतो: किंग्ज कॉलेजच्या चॅपलचे तिकीट आणि कॅम नदीवरची पंटची सफर. 1446 साली इंग्लंडचा राजा सहाव्या हेन्रीने पायाभरणी केलेल्या त्या चॅपलचे दगडी पंख्यांसारखे उमललेले छत जगातले आपल्या प्रकारचे सर्वांत मोठे मानले जाते, आणि त्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पंटच्या सफरीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ती जितकी देखणी आहे तितकी विश्वासार्ह नाही.

पंट म्हणजे सपाट बुडाची लांबट होडी. ती वल्ही मारून नव्हे, तर नदीच्या तळाला लांब काठी रेटून पुढे नेतात. केंब्रिजमध्ये नावाडी मागच्या टोकावरील फळीवर उभा राहतो, ऑक्सफर्डमध्ये नेमका उलट टोकाला. आणि दोन्ही गावे आपलीच पद्धत खरी मानतात. नेहमीची सफर सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलापासून मॉडलिन पुलाच्या बाजूला जाऊन परत येते आणि तिला साधारण पाऊण तास लागतो.

या सफरीचे खरे मोल असे की, रस्त्यावरून ही कॉलेजे फारशी दिसतच नाहीत. तिथे दिसतात त्या उंच भिंती, बंद दरवाजे आणि ‘आज प्रवेश नाही’ अशा पाट्या. उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा सुरू झाल्या की या पाट्या आणखी वाढतात. नदीच्या बाजूला मात्र हिरवळी थेट पाण्यापर्यंत उतरत येतात आणि एकामागून एक पूल डोक्यावरून जातात. क्लेअर कॉलेजचा 1640 सालचा दगडी पूल त्यांतला सर्वांत जुना. त्याच्या कठड्यावरील दगडी गोळ्यांपैकी एकाची फोड कापलेली आहे, ती नावाडी हमखास दाखवतो. पुढे ट्रिनिटी कॉलेजचे रेन ग्रंथालय येते आणि मग सेंट जॉन्स कॉलेजचा 1831 सालचा, छप्पर असलेला ‘उसाशांचा पूल’. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच सेंट जॉन्सचे विद्यार्थी. 1899 साली ते गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, ठरले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. नावाड्याने त्यांचे नाव घ्यावे अशी अपेक्षा नाही, पण मराठी प्रवाशाने त्या पुलाखालून जाताना ते आठवायला हरकत नाही.

उणीव आहे ती निवेदनात. आमच्या होडीवरील तरुणाने क्वीन्स कॉलेजच्या लाकडी ‘गणिती पुला’जवळ आल्यावर, तो न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधल्याचे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. न्यूटन 1727 साली निवर्तला आणि पूल बांधला गेला 1749 साली, विल्यम एथरिजच्या आराखड्यावरून. आज दिसतो तो तर 1905 साली सागवानात नव्याने उभारलेला आहे आणि त्याचे बोल्ट होडीतूनही दिसतात. सगळी लाकडे सरळ असूनही पूल कमानीसारखा वळलेला दिसतो, हे त्याचे खरे कौतुक; ते मात्र सांगायचे राहूनच गेले. विनोदी किस्से ऐकायला मजा येते, परंतु आठशेहून अधिक वर्षांच्या विद्यापीठाच्या नावावर तिकीट विकणाऱ्यांनी निदान सालांची तरी पडताळणी करावी.

सफरीनंतर त्याच दिवशी रेन ग्रंथालयात पायी जावे, असे मी आवर्जून सुचवेन. 1695 साली पूर्ण झालेल्या या दालनात न्यूटनने स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केलेली ‘प्रिन्सिपिया’ या त्याच्याच गाजलेल्या ग्रंथाची प्रत आहे. बाहेरच्यांसाठी ते मोजकाच वेळ उघडे असते, म्हणून वेळ आधी पाहून ठेवावी आणि होडीचे तिकीट त्यानुसार काढावे. वेळ उरल्यास गावातल्या फिट्झविल्यम संग्रहालयात जावे; तिथे प्रवेशासाठी पैसे पडत नाहीत.

काही व्यावहारिक गोष्टी. तिकीट आधी ऑनलाइन काढल्यास बहुतेक वेळा स्वस्त पडते. होडीत अगदी खाली, पाय लांब करून बसावे लागते आणि चढता-उतरताना ती हलते, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या आईवडिलांना नेताना हे आधी सांगून ठेवावे. स्वतः काठी हाती घेण्याची हौस असेल तर भाड्याने होडी मिळते. मात्र उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी दुपारी नदीवर इतकी गर्दी होते की नवख्याचा बराचसा वेळ शेजारच्या होड्यांची माफी मागण्यात जातो. सकाळची पहिली फेरी गाठल्यास पूल आणि हिरवळी निवांतपणे पाहता येतात. दृश्यासाठी मी या सफरीला पाचपैकी साडेचार गुण देईन, माहितीसाठी दोन.