व्हिस्कोंती-स्फोर्झा टॅरोची प्रतिकृती: आठ महिने, 78 पानं आणि एक भोक

गेल्या आठवड्यात या टॅरो पत्त्यांच्या कॅटच्या (पंधराव्या शतकातल्या इटालियन पत्त्यांची ही आजची छापील प्रत) कडेचा सोनेरी मुलामा बोटांना लागायला लागला, म्हणून शेवटी लिहायला घेतलं. घेऊन आठ महिने झाले. पावणेपाच हजार मोजले, वर कस्टमचे वेगळे. तेवढ्यात नवा मिक्सर आला असता, आणि आमचा मिक्सर खरंच बदलायला झालाय. त्यामुळे एकेक पान मी निरखून बघितलंय.

पेटी उघडली त्याच दिवशी एक गोष्ट खटकली. जवळजवळ प्रत्येक पानावर, वरच्या कडेला मधोमध, एक काळा ठिपका. राजाच्या डोक्यावर, राणीच्या डोक्यावर, नुसत्या चषकांच्या पानावरसुद्धा. मला वाटलं छपाईत घोळ झालाय. फोटो काढून तक्रार केली. विक्रेत्याने आधी अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला, मग "प्रिंटिंगमध्ये थोडंफार असं होतं" म्हणून पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलत देऊ केली. आठवडाभर मेलामेली चालली.

मग एका रात्री न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीने ठेवलेले मूळ पानांचे फोटो मोठे करून बघितले. ठिपका तिथेही आहे! ते भोक आहे. कधीतरी कुणीतरी ही पानं खिळ्याने टांगली असणार. पंधराव्या शतकाच्या मध्यात मिलानच्या ड्यूकच्या घराण्यासाठी, बहुधा चित्रकार बोनिफाचो बेंबोच्या हातून, सोन्याच्या वर्खावर रंगवलेली ही पानं! माझी तक्रार चुकीची होती, ती मी दुसऱ्याच दिवशी मागे घेतली. पण विकणाऱ्यांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं, आणि सोबतच्या माहितीपत्रकात भोकाबद्दल एक ओळ नाही, याचं वाईट वाटलं. तेव्हापासून या प्रतिकृतीत मला सगळ्यात आवडतं ते हे भोकच. बाकी सोनं छपाईत मोहरीच्या रंगाचं दिसतं. मूळ वर्खावर ठोकून उठवलेली नक्षी आहे, ती इथे सपाट झालीय.

आता राग कशाचा ते सांगते. मूळ पानं 74 च उरली आहेत: 35 मॉर्गनकडे, 26 इटलीत बेर्गामोच्या अकादेमिया कर्रारा या संग्रहालयात, 13 कोल्लेओनी घराण्याकडे. सैतान, मनोरा, तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार ही चार पानं नाहीत. पेटीत मात्र 78 आहेत. म्हणजे चार आजच्या चित्रकाराने नव्याने काढली. काढावीत, खेळायचं तर लागतातच. पण त्या चारही पानांवर तेच भोक छापलंय! वर खोटे ओरखडे, खोटा उडालेला रंग. ज्या पानाला कधी खिळा लागलाच नाही त्यावर खिळ्याची खूण. मिलानच्या त्या काळच्या रंगीत कॅटमधलं सैतानाचं एकही पान आज उरलेलं नाही, म्हणजे हा सैतान पूर्ण कल्पनेतला. नवखा माणूस हातात घेऊन म्हणणार, बघा, साडेपाचशे वर्षांपूर्वीचा सैतान. मला हे फसवणं वाटतं.

खुद्द जुन्या कॅटमध्येही दुसरा हात आहे. शक्ती, संयम, तारा, चंद्र, सूर्य आणि जग ही सहा पानं नंतरच्या चित्रकाराची मानतात. ताऱ्याचं पान बाजूला काढून बघा. निळ्या झग्यातली बाई तारा उंच धरून उभी आहे आणि तिच्या पायापुढची जमीन कड्यासारखी तुटलेली आहे. चेहरेही वेगळे. या चित्रकाराने स्वतःचा हात लपवलेला नाही, म्हणून तर आज आपल्याला ती पानं ओळखता येतात.

माहितीपत्रकाचं दुसरं पान तर फाडून टाकावं असं. टॅरो इजिप्तच्या पुजाऱ्यांचं ज्ञान म्हणे! ही गोष्ट कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने 1781 मध्ये पॅरिसला छापली, इजिप्तची चित्रलिपी उलगडायच्या चाळीस वर्षं आधी. इटलीतल्या 1440 च्या सुमाराच्या नोंदींत हे खेळायचे पत्ते आहेत, हुकमाची पानं वाढवलेले. भविष्याची लाट अठराव्या शतकातली. माझी मैत्रीण टॅरो बघते, पण नावं-आकडे छापलेल्या 1909 च्या रायडर टॅरो कॅटवर शिकलेली. या हुकमाच्या पानांवर आकडे नाहीत, नावं नाहीत, म्हणून ती दहा मिनिटांत थांबली. तशा वापरासाठी घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. पिसायलाही त्रास होतो, पानं जवळजवळ वीतभर लांब आहेत.

माझ्याकडे सावंतवाडीच्या राजवाड्यातून आणलेला दशावतारी गंजिफा आहे, म्हणजे आपल्याकडचा हाताने रंगवलेला जुना पत्त्यांचा कॅट, 120 गोल पानं. ती आजच्या कारागिरांनी रंगवली आहेत हे तिथे सरळ सांगतात आणि त्याने त्यांची किंमत कणभर कमी होत नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या मामलुक (इजिप्तच्या मध्ययुगीन सुलतानांच्या काळच्या) पत्त्यांवर 'कंजिफा' हा शब्द आहे. त्यांचे रंग, म्हणजे आपल्या बदाम-इस्पिकसारखे गट, चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. इटलीत पोलो कोणी खेळत नव्हतं, तिथे काठीचा नुसता दांडका झाला. दोन्ही कॅट शेजारी ठेवले की हा प्रवास समोर दिसतो. हे सुख मात्र या पेटीने दिलं.

कडेच्या मुलाम्याबद्दल पाठवलेल्या मेलला उत्तर नाही. कोरड्या मलमलीने कडा पुसून ठेवते, तेवढं पुरतं. ती चार पानं मी वेगळ्या पाकिटात घालून वर पेन्सिलीने 'नवी' असं लिहिलंय. पेटीत आता 74 आहेत.