खान्देशातून दिव्यांगांची तक्रार कुठे न्यावी: तालुका, जिल्हा, पुणे की दिल्ली?

चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज बऱ्याचदा काही महिन्यांनी ‘आमच्या अखत्यारीत येत नाही’ एवढाच शेरा घेऊन परत येतो. तोवर माणूस थकलेला असतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून जिल्ह्याला एक खेप मारायची तर दिवसाची मजुरी बुडते, आणि बोलायला सोबत कोणाला न्यायचं असेल तर दोघांची. म्हणून घरातून निघण्याआधी दोन गोष्टी ठरवा. समोरचा कोण आहे: केंद्राचं कार्यालय, राज्याचं, की खासगी? आणि तुम्हाला काय मिळायला हवं: दुरुस्ती, भरपाई, नोकरीतला हक्क, की समोरच्याला शिक्षा? अन्याय मोठा म्हणून थेट दिल्ली गाठायची, असं करू नका.

पुण्याचे आयुक्त आणि दिल्लीचे मुख्य आयुक्त

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यानं 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आणि तक्रारी ऐकायला दोन आयुक्त ठेवले. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त पुण्यात बसतात, मुख्य आयुक्त दिल्लीत.

जिल्हा परिषद, महापालिका, ग्रामपंचायत, एसटी, जिल्हा रुग्णालय, शाळा, जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, यांच्याविरुद्धची तक्रार पुण्याला जाते. रेल्वे, पोस्ट, राष्ट्रीयीकृत बँका, केंद्रीय विद्यालय यांच्याविरुद्धची दिल्लीला. म्हणजे भुसावळ स्थानकावर फलाटापर्यंत व्हीलचेअर नेता येत नसेल तर दिल्ली, आणि त्याच गावच्या बस स्थानकावर तीच अडचण असेल तर पुणे. ग्रामपंचायतीनं दिव्यांगांसाठी राखलेला 5 टक्के निधी खर्चच केला नाही, ही तक्रार आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे द्या. तिथे दाद लागली नाही तर पुणे.

दोन्हीकडे वकील लागत नाही. साध्या भाषेतला सहीचा अर्ज, कागदपत्रांच्या प्रती आणि ‘मला काय हवं’ हे स्पष्ट लिहिलेलं, एवढं पुरतं. दोन्ही आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण कायद्याच्या शब्दांत त्यांचा निर्णय ही ‘शिफारस’ असते. ती मिळाल्यावर संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत कार्यवाही करायची, आणि शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणं आयुक्तांना आणि तक्रारदारालाही कळवायची. ही कारणं लेखी मागून घ्या. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर तोच कागद तुमच्या बाजूनं उभा राहतो.

एका बाबतीत मात्र आयुक्तांवर विसंबू नका. बदली, बडतर्फी किंवा परीक्षेला बसू न देणं असं काही उद्याच घडणार असेल तर ते तातडीनं थांबवणं आयुक्तांच्या हातात नसतं. जुन्या 1995 च्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये मुख्य आयुक्तांना स्थगिती देण्याचा अधिकार नाही असं सांगितलं होतं. अशा वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ हाच मार्ग उरतो. खर्चाला घाबरून तो सोडू नका. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

जवळचे मार्ग

सरकारी नोकरीत असाल आणि बढती, सुविधा किंवा वागणुकीत दुजाभाव होत असेल, तर सुरुवात आपल्याच कार्यालयात करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 23 प्रमाणे (पुढे नुसतं ‘कलम’ म्हटलं तर ते याच कायद्याचं) प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. त्यानं तक्रार नोंदवहीत घ्यायची आणि दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय दिव्यांग समितीकडे जाता येतं. असा अधिकारी नेमलेलाच नसेल, तर तेवढीच बाबसुद्धा पुण्याच्या अर्जात लिहिण्याजोगी आहे.

लोकशाही दिनाचं आकर्षण आपल्याकडे फार. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी समोर बसतात आणि आपलं म्हणणं थेट मांडता येतं, हे खरंच मोलाचं आहे. रखडलेला उतार (रॅम्प), बंद पडलेली लिफ्ट, अडकलेलं अनुदान यासाठी तिथे जरूर जा. पण अर्ज विहित नमुन्यात 15 दिवस आधी द्यावा लागतो, आणि नोकरीविषयक व न्यायप्रविष्ट प्रकरणं तिथे घेत नाहीत. शिक्षिकेनं आपल्या बदलीची तक्रार तिथे नेली तर तिची खेप वाया जाईल.

नव्या व्यापारी संकुलाला उतारच नाही, असं दिसलं तर महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागाला पत्र द्या. सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय इमारतीला परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, असं कलम 44 सांगतं. दाखला मिळण्याआधी पत्र गेलं तर बांधकाम व्यावसायिक लगेच हलतो. नंतर गेलं तर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालतो. माझ्या मते या यादीतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय आहे.

फोटो काढून ‘सुगम्य भारत’ ॲपवरही तक्रार टाकता येते. त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये, पण पुरावा म्हणून ती नोंद कामी येते.

भरपाई हवी असेल तर

खासगी दवाखाना, कोचिंग क्लास, दुकान, चित्रपटगृह, विमा कंपनी: जिथे तुम्ही पैसे मोजून सेवा घेतली आणि दिव्यांग म्हणून ती नाकारली किंवा निकृष्ट दिली, तिथे जिल्हा ग्राहक आयोग आयुक्तांपेक्षा उजवा. आयोगाचा आदेश शिफारस नसतो, तो अमलात आणता येतो. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असली तरी. मुदत दोन वर्षं. मोफत सरकारी सेवेसाठी मात्र हा मार्ग नाही.

बँकेचं असेल तर आधी त्याच बँकेला लेखी कळवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क. केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, ‘डोळे मिचकवा’ असं ॲप सांगत असेल आणि तुम्हाला ते शक्य नसेल, तर 30 एप्रिल 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा उल्लेख अर्जात करा. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्या निकालानं म्हटलं आहे.

खासगी नोकरीत परिस्थिती कठीण आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. नोकरीत भेदभाव करू नये हे कलम 20 सरकारी आस्थापनांपुरतं आहे. पण जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या किंवा पाइपच्या कारखान्यालाही समान संधी धोरण ठेवावं लागतं. 20 किंवा जास्त कामगार असतील तर त्या धोरणात संपर्क अधिकारी नेमणं आणि दिव्यांगांना योग्य अशी पदं दाखवणंही आलं. ते धोरण मागा. मिळालं नाही तर पुण्याला कळवा.

अपमान, मारहाण, छळ

इथे आयुक्तांची वाट पाहू नका. चारचौघांत मुद्दाम अपमान करणं, धमकावणं, श्रवणयंत्र हिसकावून तोडणं, तीनचाकीची मोडतोड करणं हे कलम 92 खाली गुन्हे आहेत. सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. तक्रार पोलीस ठाण्यात, खटला सत्र न्यायालयाच्या दर्जाच्या विशेष न्यायालयात. फिर्यादीत ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 92’ हे शब्द लिहून घ्यायला लावा, नाहीतर प्रकरण साध्या भांडणात जमा होतं.

छळ घरातच होत असेल आणि पोलिसांकडे जायची हिंमत होत नसेल, तर कलम 7 प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना म्हणजे तालुक्याच्या तहसीलदारांना कळवता येतं. शेजारी किंवा नोंदणीकृत संस्थाही ही माहिती देऊ शकते. अनेक दिव्यांग बायकांना घराबाहेरच पडू दिलं जात नाही. त्यांच्यासाठी ही तरतूद फार महत्त्वाची आहे.

ऐकू येत नसेल तर

कर्णबधिर माणसासाठी वरचे सगळे मार्ग सारखे नाहीत. रेल्वेचा 139, ग्राहकांचा 1915, विधी सेवेचा 15100 हे मुळात बोलून वापरायचे क्रमांक. त्यांच्याऐवजी रेल मदद ॲप, ऑनलाइन अर्ज, ईमेल असा लिहिण्याचा मार्ग निवडा. लोकशाही दिनासारख्या तोंडी सुनावणीला जाताना सगळं म्हणणं कागदावर घेऊन जा.

कोणत्याही अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: ‘मला ऐकू येत नाही. सुनावणीला भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी द्यावा. तारीख फोनवर न सांगता एसएमएस किंवा ईमेलनं कळवावी.’ हे न लिहिल्यामुळे सुनावणीची तारीख फोनवर ‘कळवली’ जाते आणि तक्रारदार गैरहजर म्हणून प्रकरण बंद होऊ शकतं. कलम 12 प्रमाणे न्यायालयं आणि न्यायिक अधिकार असलेली इतर कार्यालयं दिव्यांगांना भेदभावाविना वापरता यायला हवीत, आणि साक्ष त्यांना सोयीच्या भाषेत व पद्धतीनं नोंदवण्याची सोय हवी. तुम्ही उपकार मागत नाही आहात.

नातेवाइकाला दुभाषी करणं मला पटत नाही, विशेषतः तक्रार घरच्यांविरुद्ध असेल तेव्हा. भाऊ बहिणीचं म्हणणं सांगताना आपलंच म्हणणं सांगून जातो. पण सातपुड्याच्या पाड्यांवर अनेकांना शाळाच मिळाली नाही. त्यांच्या खुणा घरापुरत्या असतात, शहरातल्या दुभाष्याला त्या कळत नाहीत. तिथे विशेष शिक्षक आणि त्या व्यक्तीच्या खुणा जाणणारं, वादाशी संबंध नसलेलं माणूस, अशी जोडी मागा. दिव्यांग स्त्रीवरच्या लैंगिक गुन्ह्याची फिर्याद तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवायची आणि तिचं चित्रीकरण करायचं, असं नव्या फौजदारी संहितेतच आहे.

वकिलाचा खर्च

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 खाली दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्यांत समित्या आहेत, खंडपीठासाठीही अशी सोय आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सोबत न्या. मला एकच पत्ता सुचवायला सांगितलं तर मी हाच सुचवेन. कुठे जायचं ते उमगत नसेल तरी तिथला वकील अर्ज लिहून योग्य जागी पाठवतो.

अर्ज कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. घ्यायला नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा. पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात ‘माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नाही, आणि उत्तराची मुदत 30 दिवस.